आठवडाभराची दोनाली

धानात दूध भरतं तेव्हा त्याला एक वास येतो. अजून उकळी न आलेल्या, नुसत्या कोमट झालेल्या दुधासारखा. ब्रह्मपुरीतल्या या घराच्या मागे अजून काही बांध्या शिल्लक आहेत. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे घालून पाणी अडवलेला धानाचा तुकडा, हे तुमच्यासाठी सांगते. दर वर्षी आश्विन संपता संपता तो वास खिडकीतून आत येतो. मी सकाळची कामं उरकते. भांडी जागच्या जागी लावते, लुगड्यांच्या घड्या काठाला काठ जुळवून घालते, औषधाच्या गोळ्या वारांप्रमाणे डबीत ठेवते. सगळं लावून झालं की वास तेवढा उरतो. त्याला ठेवायला माझ्याकडे जागा नाही.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, आपल्याकडे खरंच बंदूक होती?" मी म्हटलं, "होती. आठवडाभर." तुम्ही दोघं हसलात. आजोबा शिकारी होते असं तुमच्या मनात असावं. ते शिकारी नव्हते, त्यांनी उभ्या जन्मात बंदुकीचा घोडा ओढला नाही. तरी त्या बंदुकीचा विचार केल्याशिवाय माझा एकही आश्विन गेलेला नाही. फोनवर हे सांगायला गेले तर माझा आवाज धड राहणार नाही, म्हणून लिहिते.

मालगुजाऱ्या, म्हणजे इकडच्या जमीनदाऱ्या, नुकत्याच गेल्या होत्या तेव्हाची गोष्ट. आमचा जिल्हा तेव्हा चांदा. मी नागपूरच्या मुलींच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, मॅट्रिक झालेली, आणि लग्न होऊन आले ती कुरखेड्याकडच्या एका गावात, जिथे शेवटची बांधी संपते तिथेच जंगल सुरू होतं. मध्ये कुंपण नाही, रस्ता नाही. एका पावलाला धान, पुढच्या पावलाला साग. घरात तिघंच: मामाजी, म्हणजे माझे सासरे; तुमचे आजोबा; आणि मी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या.

धान लोंबीवर आलं की संध्याकाळी रानडुकरांचा कळप उतरायचा. तुम्हाला वाटेल, डुक्कर खाऊन खाऊन किती खाईल. खाण्याचं दुःख नव्हतं. डुक्कर लोंबी चघळतं, दूध शोषतं, चोथा थुंकतं, आणि मग उरलेल्यात लोळतं. सकाळी जाऊन पाहावं तर उभं धान चिखलात निजवलेलं, जणू कोणी वरून जातं फिरवलं. त्याच्या आदल्या साली आमचं अर्धं धान असंच गेलं होतं. होळीच्या आधीच घरातले तांदूळ संपले. आम्ही मोहफुलं उकडून खाल्ली, आंबील प्यायलो. मोहफुलांचा तो गोडसर वास अजूनही माझ्या घशाशी येतो. कोणी कौतुकाने पुढे केली तरी मी खाऊ शकत नाही.

म्हणून माळे. जंगलाच्या काठाने एका ओळीत चार घरांचे चार माळे होते. चार खांब, वर बांबूची ताटी, तिच्यावर तणसाचं, म्हणजे धानाच्या पेंढ्याचं, छप्पर. दिवेलागणीला प्रत्येक घरातलं एक माणूस आपापल्या माळ्यावर चढायचं. पहिला माळा आमचा, कारण कळप आमच्याच बाजूने उतरायचा. पाचोळा वाजला की आमच्या माळ्यावरून हाक जायची. ती ऐकून दुसऱ्या माळ्याने द्यायची, मग तिसऱ्याने, मग चौथ्याने. डुकरांना जिकडे वळावं तिकडे माणूस. मग ती आल्या वाटेने जंगलात परत. इतकं साधं. खर्च काहीच नाही, फक्त घसे. प्रत्येक घराची हाक वेगळी होती, अंधारातही कोण ते ओळखू यावं म्हणून. आमच्या घराची हाक जाड, आखूड, शेवटी खाली बसणारी: "होऽ रे हो!" शेजारच्या माळ्यावरची हाक लांब आणि वर चढत जाणारी: "ऊऽऽऽय!" ती अनसूयाबाईंची.

अनसूयाबाई विधवा होत्या. माहेर तलावात मासे धरणाऱ्यांचं. लहानपणापासून या काठावरून त्या काठावरच्या डोंग्याला हाका मारलेल्या. त्यांचा आवाज पाण्यावरून जायला शिकलेला होता. एकच बांधी, ती आमच्या खालच्या अंगाला. पहिल्यांदा मला भेटल्या तेव्हा माझ्या पायातल्या चपला पाहून म्हणाल्या, "बाई, हे काढून ठेव. चिखलानं एक घेतली तं दुसरीचं काय करशीन?" मी आठवडाभर ऐकलं नाही. मग एक गेली.

त्या आश्विनात तुमच्या आजोबांना हिवताप जडला होता. एक दिवसाआड दुपारी हुडहुडी भरायची. घरातली सगळी पांघरुणं, वर पोती घातली तरी खाटेचे पाय जमिनीवर वाजायचे. मग ताप, मग घाम, आणि घाम पुसून तसेच माळ्यावर. कोयनेलच्या गोळ्यांनी कान गुणगुणायचे, पाचोळा वाजला तरी त्यांना ऐकू यायचा नाही. "मग जाता कशाला?" मी म्हणायची. ते म्हणायचे, "हाक तरी देता येते." मी दारातून त्यांची हाक ऐकायची. रोज थोडी बारीक. त्यांच्या तब्येतीचा अंदाज मला नाडीवरून नाही, हाकेवरून यायचा. अंगणात उभं राहून, ओच्यात हात घट्ट धरून, मी देवाला एकच विचारायची: धान आधी पिकेल की हा माणूस आधी संपेल?

आणि त्या दिवसांत दोनाली आली.

जुन्या मालगुजारांचा पुतण्या, भैय्याजी, ती घेऊन आला. मालगुजारी गेल्यावर त्या घरातल्या वस्तू एकेक करून बाहेर पडत होत्या, आधी घोडा, मग गालिचे, आता बंदूक. हिरव्या बनातीचं अस्तर असलेली पेटी ओसरीवर उघडली तेव्हा मी दाराआड उभी होते. एवढी देखणी वस्तू त्या ओसरीवर तोवर आली नव्हती. निळसर काळ्या दोन नळ्या, अक्रोडाचा दस्ता, कळीजवळ चांदीसारख्या पत्र्यावर कोरलेली उडती बदकं आणि त्यांच्याकडे मान वर करून पाहणारा कुत्रा.

मामाजींनी ती उचलली, वजन केलं, नळीत डोळा घातला. बैलबाजारात त्यांच्याइतका जाणता माणूस पंचक्रोशीत नव्हता. त्यांनी दस्त्यावरून हात फिरवला, तो अगदी बैलाच्या वशिंडावरून फिरवतात तसा.

"बैलाचे दात पायतो," ते म्हणाले. "हिचं काय पायाचं?"

"भाऊ, विलायती माल हाय," भैय्याजी म्हणाला. "काकासाहेबांनी हिनंच वाघ मारला व्हता."

"वाघ माह्या बांधीत येत नाई. आला तं बरंच होईन, डुकरं तरी खाईन." मग दाराकडे न पाहता: "सूनबाई, नळीवर काय लिवलं हाय?"

मी पदर सावरून पुढे झाले. नळीवर बारीक अक्षरांत कारखान्याचं नाव होतं, विलायतेतल्या गावाचं नाव होतं, कोणत्या लांबीची काडतुसं घालावीत ते होतं. सगळं वाचून मराठीत सांगितलं. माझ्या इंग्रजी शिक्षणाचा त्या घराला झालेला तो पहिला उपयोग.

"म्हंजे भाव लिवला नाई," मामाजी म्हणाले.

भाव भैय्याजीने सांगितला. आमच्या गोठ्यात दोन बैलजोड्या होत्या. चांगली जोडी विकली आणि तिच्यावर माझ्या माहेरच्या पाटल्या घातल्या, तर दोनाली येत होती. पाटल्यांचं नाव कोणी काढलं नाही. हिशेब माझ्या मनातला. रात्री झोपताना मी त्या हातातून उतरवल्या आणि पितळी डब्यात ठेवून दिल्या. कोणी मागितल्या तर लगेच देता याव्यात, मागितल्यावर काढाव्या लागू नयेत म्हणून.

"दोन बार काढा," भैय्याजी सांगत होता, "आठ दिवस कळप फिरकत नाई. रोज रोज माळ्यावर बोंबलाचं काम नाई." मला त्याच्या सगळ्या बोलण्यातलं एवढं एकच वाक्य ऐकू आलं.

मामाजी म्हणाले, "बैल घ्याचा तं आधी जुपून पायतो. औत ओढते का, मारते का, बसते का. हिलेही जुपून पायतो."

अशी आमच्याकडे बंदूक जुंपली गेली. परवाना भैय्याजीच्या नावावर, म्हणून बंदुकीबरोबर तोही मुक्कामाला. दोन्ही वेळ भात, वर दूध, रोज कोणाचा तरी कोंबडा. मामाजी एकदा हळूच म्हणाले, "बैलाले तणस टाकलं तं पुरते. हा लेकाचा दस्त्याहून जड हाय."

पहिल्या संध्याकाळी तो आमच्या माळ्यावर बसला. पाचोळा वाजला, त्याने दोन्ही नळ्या झाडल्या. तो आवाज मी विसरू शकत नाही. तलावावरची सगळी पाखरं एकदम उठली, गोठ्यातल्या गाईने दावं तोडलं, आणि मग अशी शांतता पसरली की मला माझ्या कानातले डूल हललेले ऐकू आले. एक डुक्कर पडलं. गावाने वाटे करून घेतले, रीतीप्रमाणे कोणाचं घर वगळलं नाही. पुढचे दिवस कळप आमच्या बांध्यांकडे फिरकला नाही. एक लोंबी वाकली नाही. भैय्याजी माळ्यावर घोरत पडायचा, काडतुसं महाग म्हणून बारही काढायचा नाही, आणि तरी धान उभंच्या उभं.

आणि तुमचे आजोबा घरी. संध्याकाळी माझ्यासमोर ताटावर बसलेले. ताप चुकला. एक पाळी चुकली, दुसरी चुकली. त्यांच्या कपाळाला हात लावला तर ते नुसतं कपाळ होतं. त्या दिवसांत मी अंगणात रांगोळी काढली होती, हे आठवतं. वारा नव्हता, दोन दिवस ती तशीच राहिली. बंदूक एवढ्या किमतीची आहे का, असं त्या दिवसांत मला कोणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, पाटल्या घ्या, मंगळसूत्रातले मणी घ्या, काय हवं ते घ्या.

आठवड्याच्या शेवटी, सकाळी सकाळी, अनसूयाबाई आल्या. गुडघ्यापर्यंत चिखल. हातात चघळलेल्या धानाची एक पेंढी. ती त्यांनी ओसरीवर, पेटीच्या शेजारी ठेवली.

"भाऊ, तुमचे ढोरं माह्या बांधीत येऊन राह्यले," त्या म्हणाल्या. "बांधून घ्या."

मामाजींना कळेना. "आमचे ढोरं? गोठ्यात हायेत ते सारे."

"गोठ्यातले नाई. सुळेवाले. तुम्ही बार काढला, तुम्ही हाकलले, माह्याकडे आले. ज्यानं हाकललं त्याचं ढोर, असंच हाय नं आपल्या गावात? रोज येऊन राह्यले, चोरावानी. तुमच्या माळ्यावरून हाक नाई. मले समजाव कसं?"

"तू आवाज काऊन नाई दिला?"

"पैली हाक कोनाची व्हते भाऊ? मी आयकली नाई तं देऊ कायची?" मग दाराकडे, माझ्याकडे पाहून: "तुमच्या घरी बंदूक आली, तुमचा गळा गेला."

एवढं बोलून त्या ओसरीच्या पायरीवर बसल्या. रडल्या नाहीत. पायाचा वाळलेला चिखल नखाने काढत राहिल्या. एकच बांधी, त्यातली अर्धी निजली होती. त्यांच्या घरात माझ्यासारखा पितळी डबा नव्हता.

मामाजी उठले आणि अनसूयाबाईंच्या बांधीकडे गेले. परत आले ते पेटीजवळ उकिडवे बसले. चूक त्यांची होती आणि ती त्यांच्या लक्षात आली होती: बैल जुंपून पाहताना माणूस आपलंच वावर पाहतो. औत कसं चालतं ते पाहतो. शेजाऱ्याच्या पोरांना शिंग लागतं का, ते पाहायला मागे वळत नाही.

"मारका हाय," ते शेवटी म्हणाले. "मारका बैल कितीबी ओढो, दावनीले ठेवत नाई."

मी तोवर मामाजींशी समोरासमोर कधी बोलले नव्हते. दाराआडून, पदराआडून, भांड्यांच्या आवाजातून बोलायचे. त्या सकाळी मी उंबरा ओलांडून ओसरीवर आले.

"आणि यांचा ताप?" मी म्हटलं.

"ताप का बंदुकीनं जाते, सूनबाई?"

"जात नाही. पण माळ्यावर जावं लागत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या मोकळ्या मनगटांकडेही पाहिलं, आणि पाटल्या कुठे गेल्या ते त्यांना समजलं असावं. त्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर जे आलं ते मी पुन्हा कोणाच्या तोंडावर पाहू नये. एका हाताला मुलगा, दुसऱ्या हाताला गाव. तुमचे आजोबाच आतून, खाटेवरून बोलले. "बाबा, परत करा. मी जातो."

मी आजही सांगते, मला ती बंदूक हवी होती. अनसूयाबाईंचं धान पाहूनही हवी होती. शहाणपण मामाजींचं होतं, न्याय अनसूयाबाईंचा होता, माझ्याकडे फक्त एक माणूस होता.

पेटी मिटली. भैय्याजीने ती पुढे साकोलीकडच्या कोणा ठेकेदाराला विकली म्हणतात. अनसूयाबाईंची भरपाई मामाजींनी खळ्यावर द्यायची कबूल केली, जशी शिरलेल्या ढोरांची देतात तशी. आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी खाटेचे पाय पुन्हा वाजू लागले.

ते जात राहिले. एका संध्याकाळी माळ्याच्या शिडीवरच हुडहुडी भरली, खाली बसले ते उठेनात. मामाजी चढले, त्यांची हाक बांधीच्या मध्यापर्यंत गेली आणि खोकल्यात मोडली. मग मी चढले. सून माळ्यावर, ही गावात न झालेली गोष्ट. पण शाळेत आम्हाला आवाज खाली ठेवायला शिकवलं होतं. मोठ्याने बोलायची परवानगी फक्त हजेरीपुरती, 'प्रेझेंट मिस' म्हणण्यापुरती. पाचोळा वाजला. मी जीव खाऊन ओरडले. शेजारच्या माळ्यावरून आवाज आला, "बाई, हाक देऊन राह्यली का पोथी वाचून राह्यली?"

मला रडू कोसळलं. ते मात्र तिकडे नीट ऐकू गेलं असावं, कारण थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला, या वेळी हळू. "उतर खाली. त्याले घरी ने. तुमची मी देईन."

"आमची?"

"आयक."

आणि अंधारत आलेल्या धानावरून एक हाक आली, जाड, आखूड, शेवटी खाली बसणारी. "होऽ रे हो!" हुबेहूब आमच्या घराची. बाईचा आवाज पुरुषाच्या आवाजात कसा दाबून बसवला होता कोण जाणे. मग क्षणभर थांबून त्यांची स्वतःची, लांब, वर चढणारी. पुढच्या माळ्याने उचलली, त्याच्या पुढच्याने उचलली. डुकरं वळली. शिडीच्या पायथ्याशी तुमचे आजोबा माझ्या खांद्याला टेकून उभे होते, दात वाजत होते, आणि त्यातल्या त्यात म्हणाले, "माझ्याहून बरी देते."

ज्या ज्या दिवशी ताप, त्या त्या दिवशी अनसूयाबाई दोन हाका द्यायच्या. दोन घरांचा घसा एकीने ओढायचा. मी गरम पाण्यात मीठ घालून त्यांच्याकडे न्यायची. "मीठ कायले," त्या म्हणायच्या, "मिरची आन." कापणी झाली. अर्धंच घरात आलं, त्यातून भरपाई गेली. बैलजोडी राहिली, पाटल्या राहिल्या. होळीनंतर पुन्हा मोहफुलं.

तुम्ही शिकलेली मुलं आहात, प्रत्येक वस्तू घेण्याआधी तिची किंमत वसूल होईल का ते पाहता. मीही तसंच शिकले. पण न घेतलेल्या वस्तूची किंमत कशी काढायची, हे मला कोणत्याच शाळेने शिकवलं नाही. ती वर्षानुवर्षं चुकवत राहावी लागते. हिवताप तुमच्या आजोबांना सोडून पूर्णपणे कधी गेला नाही. दर आश्विनात यायचा, पोटातली पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढत गेली, अंगावर मांस धरेना. तरी दर आश्विनात ते माळ्यावर गेले. दोनाली घेतली असती तर ते अजून वीस वर्षं जगले असते का? की अनसूयाबाई आधी उपाशी मेल्या असत्या, आणि मग तिसऱ्या माळ्यावरची माणसं, आणि मग आम्ही, एवढाच फरक? मी हा हिशेब नीट मांडते, रेघा आखून मांडते, आणि दर वेळी उत्तर वेगळं येतं.

तुमचे बाबा दुसरीत असताना तुमचे आजोबा गेले. पुन्हा धानात दूध भरण्याचेच दिवस, दुपार कलती. घर माणसांनी भरलं. मामाजी ओसरीच्या खांबाला टेकून बसले होते, कुठेच न पाहता. कोणी मला पाणी पाजत होतं, कोणी माझ्या हातातल्या बांगड्यांकडे पाहत होतं. उन्हं उतरली. माळ्याची आठवण कोणाला असणार? त्या संध्याकाळी आमच्या माळ्यावर कोणी नव्हतं, आणि कळप तर सुतक पाळत नाही.

दिवा लागला. बाहेर पाचोळा वाजला असेल, मला ऐकू आला नाही. आधी ऐकू आलं ते हे: लांबून, बांध्यांवरून, जाड, आखूड, शेवटी खाली बसणारी हाक. मामाजींनी मान वर केली. मी उठून उभी राहिले. एक क्षण, एकच क्षण, मला वाटलं की मघापासून चाललं आहे ते सगळं खोटं आहे, आणि हे माळ्यावर आहेत, आज आवाज किती चांगला लागला आहे.

मग थोडं थांबून, तिथूनच, दुसरी हाक आली. लांब, वर चढणारी. ती मध्येच फाटली.